चौथ्या पायाचा पाव फेरा

"ढकल म्हणावं त्याला. मागं उभा ऱ्हाऊन काय बघालाय?" दादा मला म्हणाले.

'त्याला' म्हणजे माझ्या नवऱ्याला, विलासला. तो दादांचा सख्खा धाकटा भाऊ, आणि त्या वेळी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

"दादांना सांग, ढकलतोयच मी. त्यांच्या अंगचं चाक फटीत बसलंय, ते बघा म्हणावं आधी," विलास म्हणाला. तेही मलाच.

मी दोघांच्या मध्ये खाली वाकून चाकाकडे बघत होते. दोघांनाही चांगले दोन-दोन कान होते आणि चारही शाबूत होते. पण गेली दोन वर्षं एकाचा शब्द दुसऱ्याकडे पोचवायचा तर तो माझ्यामार्फत नाहीतर अक्कांमार्फत जायचा. अक्का म्हणजे दादांची बायको, माझी थोरली जाऊ. आम्ही दोघी त्या घरातलं टपालखातं होतो, फक्त पगार कुणी देत नव्हतं.

"पहार द्या," मी म्हटलं.

दोन्हीकडून दोन पहारी आल्या. मी एक घेतली, चाकाशेजारी टेकवून जराशी दाबली, आणि बाराशे किलोचा सहा फुटी लेथ, म्हणजे लोखंड कातायचं आमचं मशीन, भाजीच्या गाड्यासारखा सुटला आणि भिंतीतल्या वाटेतून दादांच्या बाजूला गेला.

दर रविवारी सकाळी आमच्याकडे हा सोहळा असायचा. कोल्हापुरात उद्यमनगरात सासऱ्यांनी उभारलेली आमची शेड, मागेच राहायच्या खोल्या. ते गेल्यावर भावांची वाटणी झाली आणि शेडच्या मधोमध विटांची भिंत आली. भांडण कशावरून पेटलं ते मला आज विचाराल तर धड सांगता येणार नाही; रस्त्याकडचं दार कुणाच्या वाट्याला जावं यावरून असावं. ड्रिल मशीन एकाकडे गेलं, शेपर दुसऱ्याकडे गेला. लेथ मात्र एकच होता आणि त्याचे दोन तुकडे करता येत नव्हते. मग ठरलं, एक आठवडा त्यांचा, एक आठवडा आमचा. त्यासाठी भिंतीत पाच फुटांची वाट ठेवली.

पहिले काही महिने लेथ पाइपांवर घालून ओढायचे. आठ माणसं, दोरखंड, आरडाओरडा, अर्धा रविवार त्यातच जायचा. एकदा विलासच्या पायाचा अंगठा थोडक्यात वाचला. पुढे एका यंत्रांच्या प्रदर्शनात मी ती चाकं बघितली. मी एका जागी बसणारी बाई नाही, माझ्या पायाला भिंगरी आहे असं सासूबाई म्हणायच्या, त्यामुळे प्रदर्शन असो की जत्रा, मी सोडत नाही. चाकाला लागूनच रबरी तळव्याचा एक आखूड पाय, आणि त्याच्यावर लाल दातेरी कडं. पान्यानं कडं फिरवलं की पाय खाली उतरतो, चाक जमिनीवरून सुटतं आणि मशीन पायावर ठाम उभं राहतं. उलटं फिरवलं की पाय वर, मशीन पुन्हा चाकावर. लेव्हलिंग कास्टर असं त्याचं नाव, आमच्याकडे सगळे नुसतं 'चाकं' म्हणायचे. लोखंडी चौकट करून तिच्या चार कोपऱ्यांना चार बसवली, वर लेथ बांधला. तेव्हापासून काम चार माणसांत आणि अर्ध्या तासात व्हायला लागलं.

पण लेथ नुसता उभा राहून भागत नाही. त्याचे चारही पाय एका पातळीत लागतात. एक पाय जरा जरी वर-खाली झाला तरी त्याचं सगळं अंग पिळलं जातं. डोळ्याला काही दिसत नाही, पण त्यावर कातलेला शाफ्ट, म्हणजे गोल लोखंडी दांडा, एका टोकाला बरोबर येतो आणि दुसऱ्या टोकाला केसाच्या निम्म्यानं जाड. त्याला टेपर म्हणतात, आणि टेपर आलेला शाफ्ट भंगारात जातो.

पातळी लावायचं काम माझं होतं. माझे वडील गवंडी. लेव्हलमधला बुडबुडा कसा वाचायचा ते मी पाटी-पेन्सिलीच्या आधी शिकले. आणि मला हे काम दादांनी स्वतः दिलं होतं. "शालन बसवंल," ते म्हणाले होते, "ती ह्या भांडणात न्हाई."

यात आमच्या घरची एक रीत होती, सासऱ्यांनी घालून दिलेली. एकानं मशीन बसवून दिलं की दुसऱ्यानं त्यावर पुन्हा लेव्हल ठेवायची नाही. ठेवली तर बसवणाऱ्याच्या तोंडावर त्याला खोटा म्हटल्यासारखं. "भरवसा नसंल तर त्येच्या हातात पानाच देऊ नगा," असं मामंजी, म्हणजे या भावांचे आबा, म्हणायचे. सगळं वाटून घेतलं या भावांनी, अगदी तेलाचे डबेसुद्धा, पण ही रीत दोघांनीही तशीच पाळली.

तर त्या रविवारी लेथ दादांच्या बाजूला गेला आणि मी पाना घेऊन खाली बसले. मन काही जाग्यावर नव्हतं.

झालं होतं असं. गोकुळ शिरगावच्या वसाहतीत आम्हाला एक शेड मिळत होती. प्रशस्त, उजेडाची, बाहेर कडुनिंबाचं झाड. पंपाच्या एका कारखान्याचं शाफ्टचं काम कायमचं लागणार होतं. पण कारखान्याचा माणूस म्हणाला, "एक आठवडा शाफ्ट आणि एक आठवडा सुट्टी असं आम्हाला चालणार नाही. लेथ पूर्ण वेळ तुमचा असेल तर या." पाडव्याला शेडचा ताबा घ्यायचा होता आणि पाडवा चार आठवड्यांवर आला होता. तसा लेथ नवा घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आम्ही अक्कांमार्फत विचारलं, बाकीचं सगळं तुम्ही ठेवा, शेपर, ड्रिल, आमची अर्धी शेडसुद्धा; लेथ तेवढा आम्हाला द्या.

गुरुवारी अक्का भिंतीतल्या वाटेत आल्या. परातीत कोथिंबीर निवडत निवडतच त्यांनी उत्तर दिलं.

"म्हणाले, माझा हात चालतोय तवर लेथ हितनं हलणार न्हाई. हात थांबला की खुशाल न्या म्हणावं."

"म्हणजे आम्ही काय त्यांचा हात थांबायची वाट बघत बसायचं?" मी म्हटलं.

"मला काय इचारतीस? मी आपला निरोप्या." अक्कांनी कोथिंबिरीच्या काड्या माझ्याच बाजूला टाकल्या आणि गेल्या.

दादांचा हात म्हणजे उद्यमनगरात नाव होतं. जो शाफ्ट कुणाला जमायचा नाही तो लोक त्यांच्याकडे आणायचे. कातणी चालू असताना नुसता आवाज ऐकून ते सांगायचे, आता बरोबर मापाला आलं, आणि मोजलं की तेवढंच निघायचं. दुसरा कसला नाद नव्हता त्यांना, तंबाखूसुद्धा नव्हती. एकसष्टाव्या वर्षी सकाळी आठला उभे राहायचे ते संध्याकाळी सहाला बसायचे. असा हात थांबायचा कधी?

विलास दोन दिवस हळहळला आणि गप्प झाला. त्याचा स्वभावच तसा, नाही म्हटलं की नाही. मला ते जमणारं नव्हतं. मला ती शेड हवी होती, अगदी पोटातून हवी होती. मला त्या भिंतीपासून लांब जायचं होतं, 'त्याला सांग' आणि 'त्यांना सांग' यातून सुटायचं होतं. चाळिशी उलटली होती माझी. आयुष्य त्या पाच फुटांच्या वाटेत उभं राहून चाललं होतं.

मी पहिला पाय उतरवला, दुसरा उतरवला, तिसरा. लेव्हल आडवी ठेवली, उभी ठेवली. शेवटी मागचा उजवा, चौथा. बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबला. दादा माझ्याकडे पाठ करून हत्याराला धार लावत होते. मी लेव्हल पुसून पेटीत ठेवली. मग पाना पुन्हा चौथ्या पायाला लावला आणि पाव फेरा जास्त दिला. त्याला एक श्वास घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"झालं?" दादांनी मागं न बघता विचारलं.

"झालं."

"बरं झालं. च्या घेऊन जा, अक्कानं टाकलाय."

मी चहा घेतला. दोन बिस्किटंही खाल्ली.

माझा हिशेब साधा होता. शाफ्टला टेपर येईल, दादा वैतागतील, चाकांना शिव्या घालतील. चाकांवरचं मशीन म्हणजे नसतं सोंग, घेऊन जा ते तुमचं तुम्हाला, असं म्हणतील. दादांना चाकं मुळात आवडली नव्हतीच. एक-दोन आठवडे त्यांची चिडचिड होईल आणि लेथ आमच्या पदरात पडेल, कुणाचं फार काही बिघडणार नाही. असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी दुपारी भिंतीपलीकडून पहिला आवाज आला. ठण्ण. शाफ्ट भंगाराच्या पिंपात टाकल्याचा. थोड्या वेळानं दुसरा. मग बराच वेळ लेथ बंद. मग पुन्हा सुरू, पुन्हा बंद, पुन्हा ठण्ण. विलासनं मान वर केली.

"दादांचं काय चाललंय?" तो मला म्हणाला.

"मला काय माहीत," मी म्हटलं आणि उगाचच झाडू घेऊन आधीच झाडलेली जागा पुन्हा झाडायला लागले.

आठवडाभर ते चाललं. मला एका जागी बसवेना. भाकरी थापता थापता मी तव्यापासून उठून खिडकीशी जायची, भाकरी करपायची. अक्का वाटेत आल्या की मी पाठ फिरवून पेट्या लावायला लागायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. पण दादांच्या शिव्या काही ऐकू येईनात. चाकांना नाही, मशीनला नाही, कुणालाच नाही. ते चिडतच नव्हते, आणि तिथेच माझा हिशेब चुकायला लागला होता.

शुक्रवारी अक्का आल्या. परात नव्हती, हात रिकामे होते.

"शालन, ह्यांचं काय तरी बिघडलंय बघ. काम सरळ येईना. टूल बदललं, सेंटर बदललं, सगळं खोलून पुन्हा बांधलं. यवढ्या वर्षांत असं कधी झालं न्हवतं."

"मशीनचं काही असेल," मी म्हटलं. 

"आमचा कामगार तेच म्हणाला. दादा, एकदा लेव्हल बघू या का, म्हणाला. त्येच्यावर असं वरडले म्हणतीस. म्हणाले, शालननं बसवलंय ते. तिच्या कामावर लेव्हल ठिवतोस व्हय रं?" अक्का भिंतीला टेकल्या. "काल डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, डोळं झकास हाईत. घरी आल्यापास्नं जास्तच गप झालेत."

तव्यावर भाकरी आहे म्हणत मी आत गेले.

रविवारी लेथ आमच्याकडे आला. आमच्या बाजूला मी तो नीट बसवला, अगदी डोळ्यांत तेल घालून. विलासचे शाफ्ट आरशासारखे सरळ निघाले. मंगळवारी सकाळी विलास माल पोचवायला गेला होता तेव्हा दादा वाटेतून आत आले. रविवारी लेथ हलवायचं सोडलं तर दोन वर्षांत ते पहिल्यांदाच आमच्या बाजूला येत होते. मी कोपऱ्यात पेट्या रचत होते, त्यांनी मला पाहिलं नसावं. त्यांनी विलासनं केलेल्या ढिगातला एक शाफ्ट उचलला, खिशातून आपलं मायक्रोमीटर काढलं, एक टोक मोजलं, दुसरं मोजलं. पुन्हा मोजलं. दुसरा शाफ्ट घेतला. मग दोन्ही जागच्या जागी ठेवले, वरून हात फिरवला आणि आले तसे परत गेले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याच मशीनवर धाकट्या भावाचं काम सरळ येतंय. म्हणजे मशीन चांगलं आहे, चाकं चांगली आहेत. डोळे चांगले आहेत असं डॉक्टर सांगतो. मग राहिलं काय?

एवढं कळूनही पुढच्या रविवारी मी दादांच्या बाजूला गुडघे टेकून बसले आणि चौथ्या पायाला पुन्हा पाव फेरा दिला. पहिल्या वेळी माझ्याकडे शेडचं निमित्त होतं. दुसऱ्या वेळी निमित्तसुद्धा नव्हतं, नुसती भीती होती. या खेपेला काम सरळ आलं तर मागच्या खेपेला काय झालं असं कुणीतरी विचारेल, आणि मग सगळं माझ्यापाशी येऊन थांबेल. एकदा खोटं बसवलं की ते दर रविवारी नव्यानं बसवावं लागतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण मी लहानपणी शंभर वेळा लिहिली असेल, पण दांड्याला काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

बुधवारी अक्का भेटल्या तेव्हा रडल्या. अक्का म्हणजे सासऱ्यांच्या तेराव्यालासुद्धा पंगतीत मीठ कमी पडू न देणारी बाई. "सकाळी उठून तांब्या काठोकाठ भरत्यात आणि हात लांब करून धरून बसत्यात. पाणी हलतंय का बघत. मी बघालोय न्हवं रोज. हात हलत न्हाई गं त्यांचा. पण ऐकतंय कोण?"

गुरुवारी दुपारी दादा आमच्याकडे आले. हातात त्यांची लाकडी पेटी होती, हत्यारांची. मागे अक्का होत्या. दादा सरळ विलाससमोर जाऊन उभे राहिले.

"विलास," ते म्हणाले.

दोन वर्षांत भावाचं नाव घेऊन मारलेली ती पहिली हाक. विलासच्या हातातला कापडाचा बोळा खाली पडला.

"लेथ घेऊन जा. रविवारची वाट बघू नगंस. आजच हलवा."

"का दादा? काय झालं?"

"हात गेला माझा." भाव उतरला, पाऊस थांबला, अशा सुरात ते म्हणाले. "तीन आठवडं बघालोय. एक काम सरळ न्हाई. शब्द दिलावता, हात चालतोय तवर. आता चालत न्हाई. न्या, शिरगावला जावा, चांगलं करा." त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. "ही हत्यारं पण तुलाच. आमचा पोरगा बँकेत गेला, त्याला काय करायची? हे पटाशीचं टूल आबांचं हाय. जपून वापर."

 विलासनं दादांचा हात धरला आणि तसाच धरून उभा राहिला.

मला जे हवं होतं ते सगळं माझ्यासमोर टेबलावर ठेवलं होतं. पाडव्याला दहा-बारा दिवस राहिले होते. मला करायचं काहीच नव्हतं, फक्त तोंडात मूग धरून उभं राहायचं होतं. आणि खरं सांगते, मी ते केलं असतं. मी काही फार मोठ्या मनाची बाई नव्हे. पण जाता जाता दादा माझ्याकडे वळले.

"शालन, नव्या जागेत लेथ तूच बसव बरं का. ह्याच्यावर सोडू नगंस. तुझ्यावानी कोण बसवत न्हाई."

मी म्हटलं, "दादा, तुमचा हात बरोबर आहे."

"असू दे गं. समजूत काढू नगंस."

"समजूत नव्हे. चौथ्या पायाला पाव फेरा जादा आहे. मी दिलाय."

शेडमध्ये तेव्हा एकही मशीन चालू नव्हतं.

"चुकून," विलास म्हणाला. तो विचारत नव्हता, मला उत्तर सुचवत होता. माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं त्यानं.

"चुकून नाही. दोन्ही वेळा मुद्दाम."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. दादा माझ्याकडे बघत नव्हते. ते जमिनीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, मनात काहीतरी मोजत असल्यासारखे.

"कुठला पाय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"मागचा उजवा."

"तरीच. टोकाला जाड यील. बरोबर." आणि ते वाटेतून जवळजवळ पळतच आपल्या बाजूला गेले. आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो. "घे मागं," ते मला म्हणाले. मी खाली बसले, पाना लावला आणि पाव फेरा मागे घेतला. माझ्या डोळ्यांना कडं धड दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून घेतला.

दादांनी नवी सळई बांधली, लेथ सुरू केला. ते कातत होते आणि आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो. किती वेळ लागला कोण जाणे. लेथ थांबला. त्यांनी एक टोक मोजलं. दुसरं मोजलं. मग मायक्रोमीटर विलासच्या पुढे धरलं.

"तू बघ. माझ्याकडं बघू नगंस, मापाकडं बघ आणि खरं सांग."

विलासनं दोन्ही टोकं मोजली. "सारखं आहे, दादा. केसाचा फरक नाही."

दादा उलट्या पिंपावर बसले. आधी मला वाटलं ते हसतायत. मग दिसलं की रडतायत. मग पुन्हा हसायला लागले आणि आपले दोन्ही तळवे समोर धरून बघत राहिले. "हाय म्हणायचा," ते म्हणत होते. "हाय की अजून. अगं, हाय बघ."

विलास माझ्याकडे वळला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण त्याचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. तो काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. दादांनीच त्याला थांबवलं. "गप. पुरं झालं. आज मला कुणाला बोलायचं न्हाई," ते म्हणाले, आणि पुन्हा तळव्यांकडे बघायला लागले. संतापायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं. तो आनंद मला बघवेना.

दादांनी पेटी परत नेली, हत्यारं पुन्हा आपल्या फळीवर लावली. शिरगावची शेड पाडव्याला दुसऱ्या कुणाला गेली, आम्ही उद्यमनगरातच राहिलो. भाऊ त्या दिवसापासून बोलायला लागले, आणि इतके बोलायला लागले की आम्हा दोघींचं टपालखातं बसलं. लोक अक्कांना विचारायचे, मिटलं कसं? अक्का म्हणायच्या, मिटलं आपलं. पाव फेऱ्याचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. विलास माझ्याशी बारा दिवस बोलला नाही.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मला वाटलं होतं दादा मशीनला दोष देतील, असं मी तेव्हा विलासला सांगितलं आणि पुढेही बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण गुरुवारचा तो निरोप मी माझ्या कानांनी ऐकला होता. हात चालतोय तवर, असं ते म्हणाले होते. लेथ हलवायचा तर नेमकं काय थांबवावं लागेल ते मला माहीत होतं, आणि रविवारी मी तिथेच पाना लावला. हे लिहायला मला सोळा वर्षं लागली.

मी कबूल केलं त्यानंतरच्या रविवारी लेथ आमच्याकडे यायचा होता. वाटेतून नीट आला, जागेवर थांबला. सवयीनं मी पाना उचलला. दादा मागून आले.

"दे हिकडं," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

त्यांनी पाना माझ्या हातातून घेतला आणि खाली बसले. त्यांचे गुडघे वाजले. चारही पाय त्यांनी एकट्यानं उतरवले, लेव्हल आडवी-उभी ठेवून पुन्हा पुन्हा बघितलं. माझं काम वीस मिनिटांचं, त्यांना पाऊण तास लागला. विलास 'मी करतो' म्हणाला, त्याला नको म्हणाले. मी बाजूला हात बांधून उभी होते. सगळं झालं तसं त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण गुडघा काही सरळ होईना. त्यांच्या एका बाजूला भाऊ उभा होता, दुसऱ्या बाजूला बायको.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "शालन, हात दे," ते म्हणाले.

दादा पुढे नऊ वर्षं जगले आणि शेवटच्या वर्षापर्यंत दर रविवारी लेथ त्यांनी स्वतःच बसवला. पाना मला पुन्हा कधी दिला नाही. पण उठायची वेळ आली की शेड माणसांनी भरलेली असली तरी मलाच हाक मारायचे, आणि मी कुठेही असले तरी हातातलं टाकून जायची.